गंजिफा आणि दशावतार : एका जगाचे दोन खेळ

कल्पित जगावर आधारलेले खेळ मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एकात पत्त्याचे बळ आधीच ठरलेले असते. दुसऱ्यात खेळाडू टेबलाभोवती बसून एकेक पात्र अंगी घेतो व त्याच्या तोंडून बोलतो. अमेरिकेत दुसऱ्या प्रकारचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये, तर पहिल्या प्रकारचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ १९९३ मध्ये निघाला. २०१८ मध्ये पत्त्यांतले रावनिका हे नगर भूमिका-खेळाच्या पुस्तकात आले. २०२१ मध्ये भूमिका-खेळाचे जग पत्त्यांवर उतरले.

चिक्कडपल्लीतील आपल्या वाचकांना हे परदेशी नवल वाटेल. वस्तुतः एकाच जगाचे असे दोन खेळ सावंतवाडीच्या मुलखात पूर्वीपासून नांदत आहेत.

पहिला खेळ दशावतारी गंजिफा. पत्ते गोल, १२०. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. तिघे खेळले तर प्रत्येकी ४० पाने येतात, आणि कोणते पान पडून गेले हे ध्यानात ठेवावे लागते. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो खेळी सुरू करतो, रात्री कृष्णाचा राजा असलेला.

दुसरा खेळ दशावतारी नाटक. जत्रेच्या रात्री आख्यान ठरते. लिखित संहिता नसते. नट संवाद उत्स्फूर्तपणे रचतो. शेवट सर्वांना ठाऊक असतो, पण तेथवर जाण्याचा मार्ग त्याचा.

आपल्या कन्नड विभागातील मित्रांनाही हे परके नाही. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी (१७९४–१८६८) गंजिफ्याचे अनेक नवे प्रकार रचले. आणि ताळमद्दळेत कलावंत वेषाविना बसूनच पात्रांच्या मुखाने वाद घालतात. टेबलावरच्या भूमिका-खेळाला याहून जवळचे उदाहरण मला दिसत नाही.

मग या दोहोंत भेद कोणता? पत्ता वामनाचे बळ सांगतो, पण वामनाला काय हवे ते सांगत नाही. ते संवादातून कळते. उलट, संवादात हारजितीचे गणित नसते. ते पत्ता पुरवितो. म्हणून एका खेळातले जग दुसऱ्यात नेताना नुसती नावे व चित्रे उचलून भागत नाही. बळाला हेतू आणि हेतूला मर्यादा द्यावी लागते.

हा केवळ तात्त्विक प्रश्न नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफ्याची चित्रकला सावरली. पत्ते आजही रंगविले जातात. परंतु बहुधा भेट देण्यासाठी अथवा भिंतीवर लावण्यासाठी. कला वाचली, खेळणारे हात मात्र विरळ झाले. चित्र संग्रहालयात टिकते. नियम खेळणाऱ्यांच्या स्मरणातच टिकतात.

म्हणून आपल्या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना मी एक प्रयोग सुचवितो. पुठ्ठ्याचे १२० गोल कापा आणि साधी गंजिफा शिका. नंतर एक नियम जोडा : राजा टाकणाऱ्याने त्या अवताराच्या मुखाने चार वाक्ये बोलावीत, मराठीत वा कन्नडात. दोन खेळांचा सांधा कोठे जुळतो व कोठे निखळतो, हे या लेखापेक्षा त्या एका डावातून अधिक चांगले कळेल.