कोर वाढवण्याआधी

दिवाळी अंकांच्या हंगामात मला येणारे बरेचसे फोन एकाच तक्रारीचे असतात. डीटीपीच्या दुकानात नवा संगणक आलेला असतो, त्यावर विंडोज ११ असतं. पेजमेकर आणि श्रीलिपीचे जुने फॉन्ट मात्र विंडोज एक्सपीतच धड चालतात, म्हणून नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन करून त्यात एक्सपी बसवलेलं असतं. पेजमेकर ७ हे २००१ सालचं, त्याच्या पुढची आवृत्ती निघालीच नाही. पण वर्षानुवर्षांची पानं, जाहिराती, लग्नपत्रिका सगळं त्याच फाइलींत आहे. तेव्हा या सोयीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ही सोय कोसळायला लागली की लोक पहिलं काय करतात, ते मात्र सांगायला हवं. ते कोर वाढवतात.

पुण्यातल्या एका छापखान्यात हेच झालं होतं. पान अर्धं लागलं की एक्सपी गोठायचं, कधी निळा पडदा यायचा, कधी सगळी खिडकीच नाहीशी व्हायची. मालक वैतागलेले. "अहो, चार कोर आणि आठ थ्रेडचा प्रोसेसर घेतलाय. आमच्या भाच्यानं आठच्या आठ त्या एक्सपीला देऊन टाकलेत. अजून काय द्यायचं?" पेजमेकरवर बसणाऱ्या ताई पलीकडून म्हणाल्या, "दादा, आधी दिवसातून एकदा पडायचं, आता चहा संपेपर्यंतही टिकत नाही."

मी ताईंना एक्सपीतला टास्क मॅनेजर उघडायला सांगितला आणि पेजमेकरमधून पीडीएफसाठी पानं प्रिंटला द्यायला लावली. परफॉर्मन्सच्या पानावर आठ आलेख. वाळूचं घड्याळ फिरतंय, ताई थांबल्यात, आणि सीपीयूचा आकडा १२-१३ टक्क्यांवर अडकलेला. शंभराला आठानं भागा, साडेबारा येतात. म्हणजे पेजमेकर एका वेळी एकाच कोरचं काम करत होतं, उरलेले सात नुसते मांडून ठेवलेले. त्यात नवल नाही. टेबलावरच्या संगणकांत दोन कोरांचे प्रोसेसर आले तेच २००५ मध्ये, पेजमेकर त्याआधीचं. आपला कार्यक्रम एकाच कोरवर चालणारा आहे का, हे ओळखायची ही सोपी खूण आहे. जोर लावूनही आकडा शंभर भागिले कोर एवढ्यावरच थांबत असेल, तर कोर वाढवून वेग वाढणार नाही.

वेग वाढत नाही हे ठीक, पण मशीन पडावं का? व्हर्च्युअल कोर हा खरा कोर नसतो, खालच्या विंडोजच्या दृष्टीनं तो एक थ्रेड. ब्राउझर, कोरल ड्रॉ, अँटिव्हायरस यांच्याच रांगेत तो उभा राहतो. आत बसलेल्या एक्सपीला याचा पत्ता नसतो, आपले आठही प्रोसेसर सतत हजर आहेत असंच ते धरून चालतं. हजेरीपटावर आठ मशीनमन आणि हॉलमध्ये छपाईची यंत्रं चार, असा हा प्रकार. एका व्हर्च्युअल कोरनं एखादं अंतर्गत कुलूप घेतलं आणि नेमकं तेव्हाच खालच्या विंडोजनं त्याला बाजूला बसवलं, की बाकीचे ते कुलूप सुटायची वाट बघत जागच्या जागी फिरत राहतात. फिरण्यात खरा प्रोसेसर खर्च होतो, त्यामुळे कुलूपवाल्याची पाळी आणखी लांबते. एखादा ड्रायव्हर ठरल्या वेळात उत्तराची अपेक्षा करत असेल तर तिथेच गाडी अडते. आत विंडोज ७ किंवा १० असेल तर अशा वेळी निळ्या पडद्यावर क्लॉक वॉचडॉग टाइमआउट दिसू शकतं: एका प्रोसेसरला घड्याळाची हाक वेळेत पोचली नाही. लिनक्स असेल तर सॉफ्ट लॉकअप, अमुक सीपीयू इतके सेकंद अडकला, असा मजकूर येतो. हे दिसलं की व्हायरस शोधत बसू नका, आधी कोर मोजा. मोजताना खरे कोर मोजा. ज्या व्हर्च्युअलबॉक्स सॉफ्टवेअरवर हे एक्सपी चालत होतं, त्याच्या पुस्तिकेतच सांगितलंय की प्रत्यक्ष कोरांपेक्षा जास्त देऊ नका आणि हायपरथ्रेड त्यात धरू नका.

तरीही सगळं खापर कोरांवर फोडायची घाई नको. मी आधी विचारतो, पडलं कोण? आतलं एक्सपी, ते चालवणारं सॉफ्टवेअर, की खालचा आख्खा संगणक? तिन्हींना लोक "बंद पडलं" असंच म्हणतात, आणि तिन्हींचे उपाय वेगळे. एक्सपीत माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये, अ‍ॅडव्हान्स्डखाली, स्टार्टअप अँड रिकव्हरीमध्ये 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढून टाका, म्हणजे निळा पडदा थांबून राहील आणि मोबाइलवर फोटो काढता येईल. निळा पडदा नाही, पण गुरू मेडिटेशन असं गमतीशीर नाव असलेली चौकट आली, तर व्हर्च्युअलबॉक्सनंच हात टेकलेत. आख्खा संगणक रीस्टार्ट झाला असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल पॉवर ४१ ही नोंद सापडते. मग एक्सपीला सोडा आणि पॉवर सप्लाय, पंखा, रॅम बघा.

व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनचा लॉग ठेवतं. मशीनच्या नावावर उजवी क्लिक करून तो उघडतो. पण जुने लॉग मोजकेच राहतात. दर वेळी नव्यानं चालू केलं की एक मागे सरकतो आणि सगळ्यांत जुना पुसला जातो. वैतागून पुन्हा पुन्हा चालू-बंद करणारे स्वतःच पुरावा घालवतात. पडलं की पहिली ती फाइल बाजूला कॉपी करा.

या छापखान्यात लॉग वाचायच्या आधीच खिडकीच्या तळाशी एक हिरवं कासव दिसलं. हे चिन्ह गंमत म्हणून नसतं. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटेग्रिटी किंवा हायपर-व्हीशी संबंधित सोयी चालू असल्या की प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय विंडोज स्वतःकडे घेतं, आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं. त्यात वेग जातो, आणि माझ्या पाहण्यात अनेक कोर दिलेलं जुनं एक्सपी तिथे फार अडखळतं. कासव घालवायला मेमरी इंटेग्रिटी बंद करता येते, पण मी ती तिथे बंद केली नाही. त्याच संगणकावर गिऱ्हाइकांच्या ईमेलमधल्या फाइली दिवसभर उघडल्या जातात, ते कवच काढणं मला पटेना.

आम्ही एक्सपीला एकच कोर ठेवला. चार जीबी मेमरी दिलेली होती तीही एक जीबीवर आणली, कारण संगणकात एकूण आठच होती आणि खालच्या विंडोजमधल्या कोरल ड्रॉला श्वास घ्यायला जागा नव्हती. हे बदल करायला व्हर्च्युअल मशीन पूर्ण शट डाउन हवं. 'सेव्ह्ड' अवस्थेत ठेवलेलं असेल तर कोरांची पट्टी हलतच नाही, आणि मग लोक चिडून ती अवस्था टाकून देतात. न साठवलेलं पान त्याबरोबर जातं. आधी चालू करा, काम साठवा, आतून बंद करा, मग सेटिंगला हात लावा. तिथून पुढे पेजमेकर पडलं नाही. ताईंच्या मते ते पळायलाही लागलं.

एका कोरनं भागत नाही अशीही कामं असतात. विंडोज ११ आत बसवायचं तर किमान दोन लागतातच. तिथे दोनापासून सुरुवात करा, दिवसभर काम करून बघा, मगच तिसरा द्या. चार खरे कोर असतील तर निदान एक खालच्या विंडोजला राहू द्या. व्हीएमवेअरमध्ये प्रोसेसर किती आणि प्रत्येकात कोर किती असे दोन आकडे विचारतात, तिथे फसगत होते. विंडोज १० होम एकच प्रोसेसर मानतं, प्रो दोन. चार प्रोसेसर आणि प्रत्येकी एक कोर असं भरलंत तर होममध्ये एकच कामाला येईल. एक प्रोसेसर, चार कोर असं भरा.

कोर कमी करूनही मशीन दर वेळी वेगळ्या जागी, वेगळा कोड दाखवून पडत असेल, तर रॅमवर संशय घ्या आणि रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवा. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस ताजा आहे का बघा. जास्तीच्या व्होल्टेजमुळे त्यातले काही अस्थिर होत होते, ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती आली आणि कंपनीनं वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. आणि डिस्क भरली असेल तर व्हर्च्युअलबॉक्स मशीन नुसतं थांबवून ठेवतं. जागा मोकळी करा आणि पुढे चालू करा, पॉवर ऑफ मात्र करू नका.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्याचं नेटवर्क सेटिंगमधूनच बंद ठेवा, फाइली सामायिक फोल्डरमधून न्या-आणा. आणि हंगाम सुरू व्हायच्या आत, मशीन पूर्ण बंद असताना, त्याचं आख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री मला फोन केलात, तर मी पहिल्यांदा तीच प्रत मागणार आहे.