भट्टी विझली, पण उष्णता उरली!

जुन्नर तालुक्यातील आळ्याच्या शिवारात वीज गेली की विहिरीवरची मोटार थांबते. पिकाच्या पाण्याची पाळी लांबते, एवढेच. तारापूरच्या अणुवीज केंद्रातील पंपांना मात्र अशी वाट पाहता येत नाही. असे का?

न्यूट्रॉनच्या आघाताने युरेनियमचे केंद्रक दुभंगते. त्यातून उष्णता व दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि ते पुढची केंद्रके फोडतात. ही साखळी प्रक्रिया होय. दर विभाजनामागे सरासरी एकाच न्यूट्रॉनने पुढचे विभाजन घडविले, तर भट्टीची शक्ती स्थिर राहते. जादा न्यूट्रॉन नियंत्रक दांड्यांतील बोरॉन शोषून घेते. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत हे दांडे खालून वर सरकतात. संकटसमयी ते पाण्याच्या दाबाने काही सेकंदांत आत शिरतात आणि साखळी तुटते.

मग धोका टळला का? नाही! विभाजनातून उरलेले तुकडे किरणोत्सारी असतात. त्यांचा क्षय कोणत्याही दांड्याने थांबत नाही. भट्टी बंद होताच मूळ उष्णतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के उष्णता निघत राहते. तासाभराने सुमारे दीड टक्का, तर दिवसाने अर्धा टक्का.

आता गणित करू. भट्टीतून ६०० मेगावॅट उष्णता मिळत होती असे समजा. तासाभराने उरली ९ मेगावॅट, म्हणजे सेकंदाला ९००० किलोज्यूल. ३० अंश सेल्सिअसच्या १ लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे २५५० किलोज्यूल लागतात. म्हणजे सेकंदाला साडेतीन लिटर, तासाला सुमारे साडेबारा हजार लिटर पाणी हवे. तासाला एक मोठा टँकरच!

बंद भट्टी स्वतः वीज देत नाही. म्हणून पंपांसाठी बाहेरची वीज, ती गेल्यास डिझेल जनित्रे आणि उपकरणांसाठी बॅटऱ्या ठेवतात. जपानमधील फुकुशिमा येथे ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच चालू भट्ट्या बंद झाल्या, जनित्रेही सुरू झाली. पण तासाभरात त्सुनामीने ती बुडविली. तीन भट्ट्यांतील इंधन वितळले.

उत्तर प्रदेशातील नरोरा येथे ३१ मार्च १९९३ रोजी आगीत केबली जळून सुमारे १७ तास वीज नव्हती. तेव्हा डिझेल इंजिनावर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडले. भट्टीतील पाणी तापून आपोआप वर चढत होते, निवून खाली येत होते. इंधन सुरक्षित राहिले.

यातून धडा असा, की राखीव साधने नुसती पुष्कळ असून भागत नाही. एकाच पुराने किंवा आगीने सारी निकामी होणार नाहीत, अशी ती वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी हवीत.

आता तुम्हीच सांगा : वरील भट्टीला एका दिवसानंतर तासाला किती लिटर पाणी लागेल?