नोटपॅड++ची खिडकी मराठी लेखनासाठी

प्रश्न : मी नोटपॅड++मध्ये मराठी मजकूर लिहिते. पांढऱ्या पडद्याने डोळे शिणतात आणि वेलांट्या-मात्रा कधीकधी वरून कापल्यासारख्या दिसतात. काय बदलू?

उत्तर : आधी मात्रांचे पाहू, कारण खरी अडचण तीच आहे. कुरिअर न्यूसारख्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नसतात. मग विंडोज ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी घेते, पण ओळीची उंची मूळ फॉन्टप्रमाणेच राहते आणि वरच्या मात्रांना जागा पुरत नाही. सेटिंग्जमध्ये ‘स्टाइल कॉन्फिग्युरेटर’ उघडा, ‘ग्लोबल स्टाइल्स’मधील ‘डिफॉल्ट स्टाइल’ निवडा, फॉन्ट ‘निर्मला यूआय’ ठेवा आणि आकार १४च्या आसपास. ‘सेव्ह अँड क्लोज’ विसरू नका. कोड लिहिणाऱ्यांना हा फॉन्ट रुचणार नाही, त्यात रकाने सरळ रेषेत येत नाहीत. तुम्हाला त्याचे काय!

पांढऱ्या पडद्यासाठी सेटिंग्जमधील ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘डार्क मोड’ आहे. मेनू, टॅब, लिहिण्याची जागा, सगळेच काळोखे होते. मला स्वतःला लांब मजकुरासाठी ते मानवत नाही. स्टाइल कॉन्फिग्युरेटरमध्येच पार्श्वभूमी फिकट पिवळसर करणे बरे. लांब ओळी उजवीकडे पळत असतील तर ‘व्ह्यू’मधून ‘वर्ड रॅप’ लावा.

आणि एफ१२ दाबून पाहा : मेनू, टूलबार सारे गायब, उरतो फक्त मजकूर. घाबरू नका, परत एफ१२ दाबले की सगळे जागेवर येते.