बूट चावतो कुठे, वारा शिरतो कुठून

हेल्मेट घेताना आपण आयएसआयचा शिक्का बघतो, व्हायझर वर-खाली करतो, आरशात दोन-चार पोझ देतो. पायाचं मात्र कोणी विचारत नाही. सकाळी पावणेनऊला आपल्या पार्किंगमध्ये उभं राहून बघा. डोक्यावर भारीतलं हेल्मेट आणि पायात फ्लोटर्स. काही महाभाग तर हॉस्टेलच्या बाथरूम स्लिपरवरच लेक्चरला हजर! वास्तविक बाइक कलंडली तर आधी खाली येतो तो पाय, आणि दीडशे सीसीची साधी बाइकसुद्धा १४०-१५० किलोच्या घरात असते. तेवढं वजन घोट्यावर आलं की काय होतं, ते आमच्या वर्गातल्या एकाने गेल्या मे महिन्यात बघितलं. घोट्यात प्लेट, दीड महिना कुबड्या आणि वर्कशॉपचे सगळे जॉब मागे. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्याच्याकडे चांगले जाड रायडिंगचे बूट होते. ते त्या दिवशी रूमवर कॉटखाली होते, कारण बाहेर ४२ डिग्री होतं आणि त्या बुटांत पाय उकडून निघायचे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपल्या हवेत बुटाला वारा लागणं ही चैन नाही, तो सेफ्टीचाच भाग आहे. पायात असलेला बराच बूट हा कॉटखालच्या उत्तम बुटापेक्षा बरा. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा शब्द इकडेतिकडे झाले तर मराठी मंडळाने सांभाळून घ्यावं. आकडेमोड मात्र तपासून घ्या, ती पक्की आहे.

आधी वाऱ्याचा फंडा. समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण सगळ्यांनी घोकलंय. ताशी ६० किमीला तो साधारण १६० पास्कल भरतो आणि ताशी २० किमीला १८ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ नववा हिस्सा. थोडक्यात, सिग्नलला अडकत गावात फिरणाऱ्याला जाळीच्या बुटाचा फायदा कमी, हायवेवर जास्त. त्यातून आपलं पाऊल बऱ्याच बाइकवर इंजिनच्या मागे येतं, त्यामुळे जी हवा मिळते ती आधीच तापलेली. मग गारवा येतो कुठून? तो येतो घाम सुकण्यातून. एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला साधारण २.४ किलोज्यूल उष्णता लागते आणि ती पायातून जाते. हवा अंगापेक्षा गरम असली तरी कोरडी असेल तर हे काम चालतं. नागपूर-अकोल्याच्या मुलांना म्हणूनच जाळीचा बूट वरदान आहे. रत्नागिरीच्या दमट हवेत तोच बूट तितका गार वाटणार नाही. यात कंपनीचा दोष नाही.

दुकानात 'मॅडम, फुल व्हेंटिलेशन आहे' असं सांगतात. बुटावर भोकं असतातही, पण पुष्कळदा आतून अस्तर आणि फोम अखंड असतो. मग ती भोकं नुसती नक्षी. तपासायला सोपं आहे. बूट ट्यूबलाइटकडे धरून आत बघा, उजेडाचे ठिपके दिसतात का. नाहीतर आत हात घालून बाहेरून फुंकर मारा. तळहाताला वारा लागला तर खरं. दुकानदार बघत राहतो, बघू दे. हवा आत शिरायला जशी वाट हवी तशी बाहेर पडायलाही हवी, म्हणून पुढे आणि मागे-वर अशा दोन्हीकडे जाळी असलेला बूट उत्तम.

मात्र जाळी कुठे आहे याला महत्त्व आहे. पावलाच्या वरच्या भागावर, बाजूला, घड्या पडतात तिथे चालेल. घोट्याच्या हाडावर, टाचेला आणि बोटांच्या टोकाला चालणार नाही. तिथे आत कडक वाटीच पाहिजे. अंगठ्याने दाबून बघा, दबली तर बूट परत ठेवा. तळवा दोन्ही हातांत धरून पिळून बघा, कापडासारखा पिळला जाता कामा नये.

शिक्का बघायचाच असेल तर युरोपचा ईएन १३६३४ हा रायडिंगच्या बुटांचा आहे. आतल्या लेबलवर बाइकस्वाराचं चित्र आणि चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला बुटाची उंची सांगतो. पुढचे तीन अनुक्रमे घासणं, कापलं जाणं आणि आडवं चिरडलं जाणं यांच्या चाचणीचे. यांत २ म्हणजे जास्त भक्कम. आमच्या वर्गमित्राच्या बाबतीत कामाचा होता तो शेवटचा. याशिवाय आयपीए ही अक्षरं असतील तर घोट्याचं संरक्षण तपासलेलं आहे, आणि बी म्हणजे वरचं मटेरियल घामाची वाफ बाहेर सोडतं.

आता माप. इथे खरी बोंब आहे. आपल्याकडचा नंबर ब्रिटिश पद्धतीचा, त्यात एका नंबरचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ८.४७ मिमी. बऱ्याच रायडिंग बुटांवर युरोपियन नंबर असतो, तिथे एक नंबर म्हणजे ६.६७ मिमी. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर बसतच नाहीत. म्हणून एक कंपनी ८ ला ४२ म्हणते आणि दुसरी ४२.५. नंबर विसरा, मिलिमीटर धरा. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करायची. ते बोट अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो खरा. आणि हे संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. प्रॅक्टिकलला चार तास उभं राहून आलात की अगदी योग्य वेळ!

माझा पाय २३६ मिमीचा. मी फिरले त्या चारपैकी तीन दुकानांत इतका लहान बूटच नव्हता. एका काकांनी प्रेमाने सल्ला दिला, 'बेटा, दोन मोजे घाल, बसेल.' बसेल, पण घोट्याची वाटी घोट्यावर राहणार नाही, वर सरकेल, आणि पडल्यावर बूट पायात फिरेल. मग पप्पांचे पैसे कशाला घालवायचे? मेसच्या तीन महिन्यांच्या बिलाएवढी किंमत आहे ती. मुलींनी आणखी एक बघावं. उंच बूट असेल तर पोटरीला चेन पूर्ण वर जाते का ते खाली बसून बघा, उभ्याने नाही.

बूट घालून चालताना अवघडल्यासारखं वाटलं तरी घाबरू नका, तो चालण्यासाठी बनवलेलाच नाही. दुकानदाराला विचारून पार्किंगमध्ये स्वतःच्या बाइकवर बसा. गिअरच्या लिव्हरखाली चवडा सहज जातो का? जाड बुटाला लिव्हर थोडा वर घ्यावा लागतो, गॅरेजमध्ये ते पाच मिनिटांचं काम आहे. मागचा ब्रेक तळव्याला जाणवतो का? गुडघा वाकवून बसल्यावर पावलाच्या वरच्या बाजूला घडी रुततेय का? वीस मिनिटं बसा, खुशाल. 'वापरून सैल होईल' हे अर्धसत्य आहे. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला नाही, आणि सिंथेटिक तर जवळजवळ नाहीच. बोटं आज टेकली तर उद्याही टेकणार. लेस असलेला बूट आवडला तर लेस झाकायला पट्टी आहे ना ते बघा, मोकळी लेस फूटरेस्टमध्ये अडकते.

पावसाळ्यात जाळीचा बूट दोन मिनिटांत भरतो, हे उघड आहे. आतून वॉटरप्रूफ पडदा असलेला बूट मिळतो, पण त्यातून वारा येत नाही, आणि जुलैतल्या दमट हवेत घामाची वाफही नीट बाहेर पडत नाही. एकच जोड परवडणार असेल तर मी जाळीचाच घेईन आणि पावसात वरून कव्हर चढवीन. मोजे सुती नकोत, ते पाणी धरून ठेवतात. सिंथेटिक किंवा लोकरीचे बारीक घ्या. भिजलेला बूट हीटरपुढे ठेवला तर चामडं तडकतं आणि तळव्याचा गोंद सुटतो. आतला सोल काढून वेगळा वाळवा, बुटात कॉमन रूममधला जुना पेपर कोंबा आणि दोन तासांनी बदला. शब्दकोडं सुटलंय ना, एवढं मात्र आधी बघा. आमच्या मजल्यावर त्यावरून भांडणं झाली आहेत.