माजी सैनिकांचे सेवा व वैद्यकीय अभिलेख : शोध आणि हक्क

माजी सैनिकाच्या निधनानंतर कुटुंबाच्या हाती बहुधा जीर्ण सेवामुक्ती पुस्तिका आणि एखाददुसरे पदक एवढेच उरते. विकलांगता निवृत्तिवेतनाची थकबाकी अथवा विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन मागावयाचे तर मूळ अभिलेख लागतात आणि ते एका छताखाली नसतात.

भूदलातील जवानांची सेवापत्रे त्यांच्या रेजिमेंटच्या वा कोअरच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे कार्यालय बेळगावात, तोफखान्याचे नाशिक रोडला, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. नौसैनिकांसाठी मुंबईतील नाविक ब्यूरो, तर वायुसैनिकांसाठी दिल्लीच्या सुब्रोतो पार्कमधील वायुसेना अभिलेख कार्यालय हे ठिकाण होय. साहजिकच नाव-गावापेक्षा सेवा क्रमांक महत्त्वाचा ठरतो. तो हरवला असल्यास निवृत्तिवेतन अदायगी आदेशात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदीत सापडू शकतो.

विलंब मात्र महागात पडतो. निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या जवानाची सेवापत्रे सैन्याच्या विनियमांनुसार २५ वर्षांनी नष्ट करता येतात. मागे राहते ती ‘लाँग रोल’मधील त्रोटक नोंद. आजाराचा तपशील तीत शोधणे व्यर्थच.

वैद्यकीय कागदांपैकी दोन निर्णायक असतात : भरतीवेळची तपासणी आणि सेवामुक्तीवेळच्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१३) या खटल्यात हे स्पष्ट झाले. १९८५ मध्ये भरती झालेल्या या जवानास अपस्माराच्या विकारामुळे १९९४ मध्ये २० टक्के विकलांगतेसह सेवामुक्त करण्यात आले आणि विकार सेवेशी निगडित नसल्याचे सांगून निवृत्तिवेतन नाकारले गेले. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे, आणि मंडळाने उलट मत दिल्यास त्याची कारणे नोंदवावीत, असा १९८२ च्या पात्रता नियमांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला. थोडक्यात, भरतीच्या कागदावरील रिकामी जागाही पुरावा ठरली. पुढे २००८ व २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यामुळे जवान कोणत्या वर्षी सेवेबाहेर पडला हे आधी पाहावे लागते.

वारसाने प्रथम अभिलेख कार्यालयाकडे मृत्यूचा दाखला व नात्याचा पुरावा जोडून अर्ज करणे इष्ट. उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो : शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेल्यास तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठविण्याची तरतूद कलम ६(३) मध्ये आहे. रेजिमेंटविषयी संभ्रम असलेल्या कुटुंबास हे कलम विशेष उपकारक होय. वैयक्तिक माहितीच्या सबबीवर नकार मिळाल्यास कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताचा आधार घेता येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद अधिक व्यापक केल्यामुळे नात्याचा पुरावा आरंभीच जोडणे आता अधिकच आवश्यक झाले आहे. पहिले अपील ३० दिवसांत त्याच यंत्रणेतील वरिष्ठाकडे, तर दुसरे ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे करता येते. निवृत्तिवेतनाचा मूळ वाद मात्र २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढे न्यावा लागतो. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.