स्क्रोफुला म्हणजे गंडमाळ : मानेवरची गाठ ओढणीखाली झाकू नका

नर्सिंगच्या जुन्या पुस्तकांत ‘स्क्रोफुला’ असा एक शब्द भेटतो. आता डॉक्टर कागदावर ‘टीबी लिम्फनोड’ लिहितात. आपल्याकडचे नाव गंडमाळ. मानेच्या बाजूला एकाला लागून एक गाठी येतात, माळेसारख्या, म्हणून हे नाव.

शब्द लॅटिन आहे. ‘स्क्रोफा’ म्हणजे पिल्ले घालणारी डुकरीण, ‘स्क्रोफुला’ म्हणजे छोटी डुकरीण. कुणी सांगते, सुजलेली मान डुकरिणीसारखी दिसते म्हणून. कुणी म्हणते, गाठी तिच्या पिल्लांसारख्या ओळीने दिसतात म्हणून. ग्रीक भाषेतही या रोगाचे नाव डुकरावरूनच पडले. आजारी माणसाला नाव देतानाही लोकांना हेच सुचले!

इंग्लंड-फ्रान्समध्ये तर राजाने हात लावला की गंडमाळ बरी होते, अशी समजूत होती. इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश करणारे सॅम्युअल जॉन्सन यांना लहानपणी, १७१२ साली, राणी ॲनकडे नेले होते. राणीने हात लावला. गाठी काही गेल्या नाहीत. पुढे कापाव्या लागल्या आणि व्रण जन्मभर राहिले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला १८८२ मध्ये. राजाचा हात काय, आपल्या वस्तीतला अंगारा काय, जंतूला दोन्ही सारखेच.

भगिनींनो, मुलीच्या मानेवर गाठ दिसली की लग्नाच्या काळजीने आपण ती ओढणीखाली झाकतो. ही गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून महिने निघून जातात. मग ती फुटते, वाहते, आणि व्रण राहतो तो कायमचा.

प्रत्येक गाठ टीबीची नसते. डोक्यात उवा-फोड असतील, दात किडला असेल, घसा धरला असेल, तरी गाठ येते. पण दोन आठवड्यांत गेली नाही, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. बारीक सुईने गाठीतले पाणी काढून तपासतात. छातीचा एक्स-रेही काढून घ्या, कारण फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून हवेने पसरतो. नुसत्या गाठीचा टीबी जवळ बसल्याने पसरत नाही. मुलीचे ताट-पेला वेगळा करायचे काहीच कारण नाही.

औषध साधारण सहा महिने, फुकट. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात. नोंद करताना पासबुक न्या. गाठीला चटका देऊ नका, लेप बांधू नका. औषध चालू असताना गाठ मध्येच मोठी झाली तर घाबरून गोळ्या बंद करू नका. असे कधी कधी होते. डॉक्टरांना दाखवा, गोळ्या चालू ठेवा.