अप-डाऊनचं व्याकरण

आपल्यापैकी बरेच जण यंदा पदवी घेऊन नोकरीला लागतील. नोकरी गावातच मिळेल असं नाही. मग प्रश्न येतो, तिथे खोली घ्यायची की रोज घरून जाऊन-येऊन करायचं? हा हिशेब कसा मांडावा, ते या लेखात पाहू. उदाहरण माझंच घेते, कारण पुढच्या महिन्यात मला रुजू व्हायचं आहे.

मी बऱ्हाणपूरची. नोकरी रावेरला, केळी बाहेर पाठवणाऱ्या एका फर्मच्या ऑफिसात, मराठी-इंग्रजी पत्रव्यवहाराची. अंतर वीसेक किलोमीटर, पण मध्ये राज्याची सीमा लागते. अशा रोजच्या प्रवासाला आमच्याकडे 'अप-डाऊन' म्हणतात. शब्द रेल्वेचाच आहे. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईकडून येणारी 'डाऊन'. मी सकाळी अपने जाणार आणि संध्याकाळी डाऊनने येणार, म्हणजे माझ्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा!

खोली घेतली तर वेळ वाचेल. पण पगारातला मोठा वाटा भाड्यात जाईल आणि त्याहून मोठी अडचण घरची आहे. आईला दवाखान्यात रात्रपाळी असते. त्या रात्री आजीजवळ मीच असते. त्यामुळे माझ्यासाठी खरा प्रश्न 'ऑफिसला वेळेत पोहोचेन का' यापेक्षा 'रात्री घरी नक्की पोहोचेन का' हा आहे.

म्हणून पहिला नियम असा की हिशेब संध्याकाळपासून सुरू करावा. आपण सगळे सकाळची गाडी आधी बघतो. पण सकाळी गाडी चुकली तर ऑफिसात बोलणी बसतील, संध्याकाळची चुकली तर घर अडेल. वेळापत्रकात परतीच्या दोन गाड्या शोधाव्यात, एक नेहमीची आणि एक ती चुकली तर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. बऱ्हाणपूरला थांबणाऱ्या अनेक जलद गाड्या रावेरला थांबत नाहीत. नुसतं 'या मार्गावर गाड्या भरपूर आहेत' म्हणून चालत नाही, आपल्या दोन्ही स्टेशनांवर थांबणाऱ्या किती, ते मोजावं. पासही नीट समजून घ्यावा. दीडशे किलोमीटरपर्यंत महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास मिळतो, पण तो खिशात आहे म्हणून आरक्षित डब्यात बसता येत नाही.

दुसरा नियम 'संधी'चा. व्याकरणात दोन वर्ण जुळतात ती संधी, आणि नोकरीलाही आपण संधीच म्हणतो. प्रवासातही सगळा घोळ संधीपाशी होतो, म्हणजे जिथे एक वाहन सुटतं आणि दुसरं धरायचं असतं तिथे. माझा हिशेब पाहा. शनवाऱ्याजवळच्या घरापासून लालबागकडचं स्टेशन सायकलने सतरा मिनिटं. सायकल लावून, कुलूप घालून फलाटावर थांबणं पंधरा मिनिटं. गाडीत अर्धा तास धरला. रावेर स्टेशनपासून ऑफिसपर्यंत पायी पंचवीस मिनिटं. एकूण सत्त्याऐंशी मिनिटं, त्यात गाडीची फक्त तीस! लोक गाडीचीच वेळ सांगतात, बाकीची सत्तावन्न मिनिटं कुणी मोजत नाही.

सायकल इथे कामाला येते. माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, सायकल आरामात बारा ते पंधरा जाते. रिक्षा स्वस्त हवी तर ती भरेपर्यंत बसून राहावं लागतं. सायकलला रोज तेवढाच वेळ लागतो आणि गाडी धरायची असेल तेव्हा हा भरवसा वेगापेक्षा मोलाचा असतो.

मग सायकल गाडीतच नेली तर? साधी सायकल सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये द्यावी लागते. छोट्या स्टेशनावर गाडी थांबते ती मिनिट-दोन मिनिटं, तेव्हा रोजसाठी हे जमणारं नाही. याचं उत्तर आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांनी कधीच काढलं आहे. १८९० पासून चालत आलेल्या त्यांच्या कामात डबा लोकलने जातो, सायकल जात नाही. उपनगरात डबे गोळा करणाऱ्याची सायकल तिकडेच राहते, ऑफिसांत पोहोचवणाऱ्याची इकडे. नेदरलँड्समध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. उट्रेख्ट स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे, तो २०१९ मध्ये पूर्ण झाला.

दोन सायकली आज मला परवडणार नाहीत. मग एकच सायकल कुठे ठेवायची? ऑफिसला जाताना रावेरला उजेड असतो, पायी चालता येतं. रात्री बऱ्हाणपूरला उतरल्यावर मात्र रिक्षा मिळेल की नाही, कुणाबरोबर बसावं लागेल, याची काळजी नको. म्हणून सायकल बऱ्हाणपूरला, स्टँडवर. जिथे अडकलो तर सर्वांत जास्त नुकसान, तिथे सायकल, असा हा तिसरा नियम. रावेरसाठी जुनी सायकल पहिल्या पगारानंतर बघू. दिवा, पाठीमागचा लाल रिफ्लेक्टर, रेनकोट आणि पंक्चरवाल्याचा नंबर मात्र पहिल्या दिवसापासूनच हवा.

शेवटचा नियम, चाचणी कामाच्या दिवशीच घ्यावी. रविवारी मिस्सा आटोपून निवांत जाऊन आलात तर रस्ता कळेल, गर्दी कळणार नाही. मी बुधवारी गेले. जाताना सगळं जुळलं. येताना मालगाडीला वाट देत आमची गाडी वाघोड्याला थांबून राहिली आणि मी घरी चाळीस मिनिटं उशिरा पोहोचले. भुसावळ-खंडवा तिसऱ्या व चौथ्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. ते मार्ग होतील तेव्हा होतील, आजच्या हिशेबात ही चाळीस मिनिटं धरायलाच हवीत.

ती धरून मी ठरवलं आहे की तीन महिने अप-डाऊन करायचं. आईच्या रात्रपाळीच्या दिवशी लवकरची गाडी मिळावी, म्हणून त्या दिवशी अर्धा तास आधी येऊन अर्धा तास आधी निघण्याची परवानगी रुजू होण्यापूर्वीच मागितली, आणि ती मिळाली. एका महिन्यात तीनदा आजी रात्री उशिरापर्यंत एकटी राहिली, तर मात्र रावेरला खोली बघायची आणि आजीसाठी बाईची सोय करायची. ही मर्यादा वहीत आधीच लिहून ठेवली आहे. एकदा रुळलो की दमलेलं शरीरसुद्धा 'चालतंय की' म्हणतं, म्हणून ती आधी लिहावी. तुम्हीही नोकरीचं पत्र हाती आलं की आनंदाने पेढे वाटा आणि त्याच संध्याकाळी कागदावर परतीच्या दोन गाड्या लिहा.